गोळ्यांचं निव्वळ वजन

"मला फसवणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय!" हे वाक्य तागडीकाकांनी ऐकवलं नाही असा माणूस त्या गल्लीत सापडणं कठीण. वजनमाप खात्यातली सगळी नोकरी दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेलेली. निवृत्त झाले, पण डोळ्यांतला तराजूचा काटा काही जाईना!

अशात काकूंचा गुडघा सुजला. तोही नेमका लेकीला मुलगी झाली तेव्हाच! लेक राहायची चौथ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. डॉक्टरांनी सूज उतरायच्या गोळ्या लिहून दिल्या. काकूंनी गोळ्यांची पट्टी आणली, काकांनी किंमत वाचली आणि घर डोक्यावर घेतलं.

"अगं, हे नावाचे पैसे आहेत नावाचे! आतलं औषध तेच असतं. जेनेरिक आणतो, बघ तू!"

इथवर काकांचं अगदी बरोबर होतं. पण तेवढ्यावर थांबले तर ते काका कसले! न फोडलेली पट्टी त्यांनी दुकानात परत केली आणि डॉक्टरांची तीच चिठ्ठी दाखवत वेगवेगळ्या दुकानांतून वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्वस्त पट्ट्या गोळा केल्या. मग कपाटातून जुना नाजूक तराजू निघाला.

"आता हे काय?" काकू पलंगावरून ओरडल्या.

"ग्रॅममागे कुठली स्वस्त पडते ते काढतोय."

"अहो, मला ती गिळायचीय! वाण्याकडची साखर आहे का ती?"

"घाई करू नकोस. घाईतच गिऱ्हाईक फसतं!"

काकूंनी कपाळावर हात मारला. गुडघा टम्म फुगलेला, नातीचं तोंड फक्त फोनवर पाहिलेलं, आणि नवरा तराजूला फुंकर घालतोय! संतापाने त्यांना रडू यायचं बाकी होतं.

आता वजन करायचं तर निव्वळ करायचं, वेष्टण मालात धरायचं नाही, हा काकांच्या खात्याचा नियम. म्हणून त्यांनी सगळ्या गोळ्या पट्ट्यांतून फोडून वेगवेगळ्या बशांत ओतल्या आणि रिकाम्या पट्ट्या केराच्या गाडीत देऊन टाकल्या. चार दिवस वजनं आणि हिशेब चालले, तेव्हा कुठे सगळ्यांत जाडजूड गोळी ग्रॅममागे भलतीच स्वस्त निघाली. "सापडली!" म्हणत काकांनी टेबलावर अशी काही थाप मारली, की बशा उडाल्या आणि साऱ्या गोळ्या फरशीवर एकत्र लोळायला लागल्या! सगळ्या पांढऱ्या, सगळ्या गोल, कुठली कुठल्या कंपनीची कळेना!

काकांनी त्या कशाबशा वाडग्यात भरल्या आणि कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान गाठलं. फार्मासिस्ट बाईंचे डोळे विस्फारले.

"काका, या कुठल्या? पट्टी कुठंय? तारीख कुठंय?"

"ते सोडा हो. यातली जाडी गोळी जास्त परवडते ना?"

"परवडते म्हणजे? औषधाची गोळी वजनावर नाही घेत, काका! आतलं औषध कोणतं आणि किती मिलिग्रॅम, ते जुळलं की किंमत बघायची. बाकी सगळी गोळी बांधायची भुकटी! तुम्ही भुकटीचा भाव काढलात!"

बाईंनी वाडगा सरळ टाकाऊ औषधांच्या डब्यात रिकामा केला.

"अहो, अहो! माझी बायको तिकडे कळवळतेय!"

"गुडघा का? मग त्या येऊन गेल्या की. भिंतीला धरून आल्या बिचाऱ्या. स्वस्तातलीच द्या म्हणाल्या. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि दिली. परवाच!"

"परवा? मग मला का नाही सांगितलं?"

"म्हणाल्या, मिस्टर कामात आहेत."

काका रिकामा वाडगा घेऊन, वाटेत आणखी दोन-चार दुकानांत गाऱ्हाणं गाऊन घरी आले, तर दाराला कुलूप! चरफडत त्यांनी फोन लावला.

"अगं, आहेस कुठे? किल्ली कुठंय?"

"हळू बोला," काकू कुजबुजल्या. "नात आत्ताच झोपलीय माझ्या मांडीवर. नाक थेट माझं घेतलंय हो! सूज उतरली, तशी मी आले एकेक पायरी चढत. किल्ली माझ्यापाशीच आहे. या तुम्ही, आम्ही वाट बघतोय."

काका निघाले. लेकीच्या इमारतीचा पहिला जिना चढले, दुसरा चढले, आणि तिसऱ्याच्या मध्यावर त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यातून अशी कळ आली की ते मटकन पायरीवर बसले!

"अगं ए," त्यांनी तिथूनच हाक मारली, "जरा खाली येतेस का? कठड्याला धरून येऊ नकोस, हात मोकळे ठेव, मलाच धरायचंय!"