गुलाबरावांचे चांगले जंतू

गुलाबराव चहा पार निवल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत. सकाळी प्रोबायोटिकची कॅप्सूल घेतली, की तासभर गरम काही नाही. "पोटात जिते जंतू हायेत, भाऊ. त्याइले भाजून टाकू का?"

वर्ध्यात त्यांची आणि आमची भिंत एकच. एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, आता निवृत्त. एकटेच राहतात. दोन वर्षांपूर्वी दाढ सुजली, अँटिबायोटिकनं पोट बिघडलं, तेव्हा डॉक्टरांनी पाच दिवस या कॅप्सुली दिल्या. पोट ताळ्यावर आलं. गुलाबराव मात्र थांबलेच नाहीत.

"पोट म्हंजे यष्टी. चांगल्याइनं शिटा धरल्या, का वाईटाले उभं राह्याले जागा नाई."

डॉक्टरांनी समजावलं, की धडधाकट माणसाला रोज घ्यायची गरज नाही. ताक प्या, डाळ-भाजी खा. गुलाबराव म्हणाले, "ताक साधी गाडी हाय, साहेब. हे जलद." एका लग्नात त्यांनी नवरदेवाला पाकिटासोबत कॅप्सुलींची डबी दिली. "चार दिवस पंगतीतलं खाऊन राह्यला. ठेवजो." नवरदेवानं ती लगेच करवलीकडे सरकवली.

गेल्या हिवाळ्यात माझी आई दवाखान्यात होती. कॅन्सरची औषधं चालू, त्यात ताप, म्हणून अँटिबायोटिक. पोट बिघडलं. दुसऱ्या दिवशी गुलाबराव डबी घेऊन हजर. मी त्यांना आधी डॉक्टरीणबाईंना विचारायला लावलं.

"यांची प्रतिकारशक्ती फार कमी झालीय," त्या म्हणाल्या. "अशा वेळी चांगले जंतूही अंगावर उलटू शकतात. देऊ नका."

आता तासभर वाद, असं मी धरून चाललो. गुलाबराव "बरं" म्हणाले आणि डबी खिशात टाकली.

पुढे ते रोज अकराला येऊ लागले, रिकाम्या हातानं. आईजवळ स्टुलावर बसत. जंतूंचं नावही काढत नसत. आई बोलली तर बोलत, नाहीतर गप्प. मी म्हटलं, "गुलाबराव, तुम्ही काऊन रोज त्रास घेता? मी आहे ना इथं."

त्यांनी आईची सरकलेली चादर नीट केली. मग म्हणाले, "आमची घरवाली सुमन याच वार्डात होती. मी स्टँडवर. दिवाळीची गर्दी होती, सुटी मागतलीच नाई. वाटलं, ड्युटी झाली का जाऊ. गेलतो, तं खाट रिकामी होती."

आईचा डोळा लागला होता.

"तुमी जेवून या," ते म्हणाले. "काकूजवळ मी हावो."

मी डबा घेऊन बाहेर पडलो. दारातून वळून पाहिलं, तर त्यांनी स्टूल खाटेच्या आणखी जवळ ओढलं होतं.