झोपाळ्याच्या कड्यांस दुचाकी टांगिली, ते मोहिमेची हकीकत

श्री. जो सकळ चाके फिरवितो आणि सकळ शहाण्यांस वेळेवर जमिनीवर आणितो, त्या गजाननास साष्टांग दंडवत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध नवमी, रविवार, ते दिवशी जे घडले ते जैसे घडले तैसे लिहितो. वडिलांनी हसू नये आणि धाकट्यांनी अनुकरण करू नये.

तीन खोल्या, एक पडवी आणि एक फाटक ऐसे एक राज्य होते. राज्याचा विस्तार थोडका, परंतु खासे स्वामींचे स्वतःविषयी मत विस्तीर्ण. स्वामी कचेरीत फायली चालवीत आणि घरी हुकूम सोडीत, पैकी फायली कधी कधी चालत. राणीसाहेब हेमलताबाई पडवीतील झोपाळ्यावर बसून भाजी निवडीत आणि तेथूनच राज्य करीत, हे स्वामींखेरीज सर्वांस ठाऊक होते. कन्या एकच, शाल्मलीबाई, गुरांच्या वैद्यकीची विद्या संपादून आली, आणि तिजला वीस कोसांवरील तालुक्यास दवाखान्यात नेमणूक जाहली, आणि सोमवारी प्रातःकाळी राज्यातील एकुलती दुचाकी घेऊन तिने जावे आणि तेथेच खोली करून राहावे, ऐसे ठरले. दुचाकी काळी, अकरा वर्षांची, स्वभावे गरीब. परंतु तिचा डबल स्टँड गंजून कधीच गळाला होता, उरला तो साइड स्टँड, आणि चेन धुळीने माखून कोरडी ठणठणीत. मागील चाक अधर केल्यावाचून चेन धुता येत नाही, सबब चाक अधर कैसे करावे ही मसलत पडली.

शेजारचे मुळेकाका फाटकाशी येऊन बोलिले, “अहो, माझ्याकडे मागचं चाक उचलायचा स्टँड आहे. घेऊन जा की. अर्ध्या तासाचं काम.” परंतु शेजाऱ्याची कुमक घेणे स्वामींस कमीपणाचे वाटले, निदान स्वामींनी तैसे दाखविले. स्वामी म्हणाले, “लागणार नाही.” मग कमरेवर हात ठेवून त्यांनी मुलूख न्याहाळिला, आणि दृष्टी छताकडे गेली, आणि तेथे झोपाळ्याच्या लोखंडी कड्या देखिल्या, आणि बुद्धी फिरली. तत्काळ हुकूम जाहला की झोपाळा उतरवावा. राणीसाहेब मेथीच्या जुडीसह पदच्युत होऊन पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “अहो, त्या कड्या माझ्यासाठी आहेत, गाडीसाठी नाहीत.” स्वामी म्हणाले, “तुझं वजन पेलतात ना? मग झालं.” याउपरी राणीसाहेब जे बोलल्या ते बखरीत लिहिण्याजोगे नाही.

मग कपडे वाळत घालण्याची नायलॉनची दोरी सोडविली, आणि दुहेरी करून सीटमागील दांडीस बांधिली, आणि कड्यांतून ओवून खिडकीच्या गजास वेढे दिले, आणि खासे स्वामी व राणीसाहेब ओढू लागली, कन्येने मागून उचलिले, आणि चाक चार बोटे अधर जाहले. स्वामींनी मिशीवर हात फिरविला. मिशी नव्हती, तरी फिरविला. पुढील ब्रेक बांधावा, गाडी हलवून पाहावी, यांतील काहीएक केले नाही. शाल्मलीबाई ब्रश घेऊन डावे बाजूस चेनीपाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, “बाबा, ही हलतेय.” स्वामी म्हणाले, “हलू दे. धरून ठेवलीय मी.” धरून काही ठेविली नव्हती, स्वामी रॉकेलची वाटी शोधीत होते.

आता ज्या कड्या वीस वर्षे झोके देत आल्या, त्यांनी दुचाकीसही झोका दिला. पुढील चाक वळले, मागील अंग एकदा भिंतीकडे गेले आणि आरसा फुटला, आणि तेथून परतले ते थेट कन्येच्या अंगावर. तेसमयी स्वामींचे काळीज फाटले. वाटी टाकून ते मध्ये शिरले आणि सीटेस मिठी घालून उभे राहिले, आणि दोरी ताणली जाऊन चाक खाली आले, आणि गाडीचा सारा भार डाव्या पायाच्या अंगठ्यावर आला. कन्या मागे सरकून भिंतीस टेकली होती, हातात ब्रश तसाच. तिजला काही लागले नाही. 

“लागलं का, बाबा?”

“नाही.”

“मग सोडा ना गाडी. आईने धरलीय.”

स्वामी सोडीनात. मग खाली पाहून बोलिले, “मुळ्यांचा स्टँड आणला असता तर अर्ध्या तासात झालं असतं. मला माहीत होतं. मग तू उद्या गेली असतीस. मला वाटलं, दोन दिवस मोडतील, चार मोडतील...”  ऐसी ही मसलत होती, आणि तीपायी ज्या लेकीस ठेवून घ्यावयाचे तिजवरच गाडी घातली. ऐसा गाढवपणा या राज्यात पूर्वी जाहला नाही, आणि पूर्वीचा इतिहासही काही फारसा बरा नव्हे.

शाल्मलीबाई उठली, डोळे पुसले आणि म्हणाली, “मी जाणार आहे, बाबा. चेन कोरडी असली तरी जाणार. तुम्ही मला कोरड्या चेनवर पाठवणार आहात का?”

 मग स्वामी स्वतः लंगडत मुळेकाकांच्या दारी गेले आणि “स्टँड द्या” म्हणाले. मुळेकाकांनी दिला, वर पायास लावण्यास बर्फ दिला, आणि एक अक्षर विचारले नाही, याचे स्वामींस फार वाईट वाटले. मग सपाट जागी गाडी घेतली, इंजिन बंद, न्यूट्रल केली, पुढील ब्रेकची मूठ राणीसाहेबांच्या जुन्या ओढणीने करकचून बांधिली, राणीसाहेबांनी हँडल धरून गाडी सरळ उभी केली, स्वामींनी मागे स्टँड बसवून सावकाश दाबिला, आणि चाक उचलले. कन्येने गाडी हलवून पाहिली, मग स्वामींनी हलवून पाहिली, मग पुन्हा पाहिली, तेव्हा राणीसाहेब म्हणाल्या, “पुरे.” चेन धुतली, पुसली, चाक हातानेच फिरवीत तेल सोडिले. शेवटची कडी स्वामींनी दोनदा पुसली.

सोमवारी सूर्योदयी कन्या गेली. दोन प्रहरी फोन आला. स्वामींस पुष्कळ पुसावयाचे होते, परंतु तोंडातून एवढेच निघाले, “चेन कशी आहे?” पलीकडून कन्या म्हणाली, “मी बरी आहे, बाबा.”

येणेप्रमाणे मोहीम जाहली. आरसा एक कामास आला, अंगठा एक जायबंदी, आणि झोपाळा पुनः आपल्या जागी चढला. लिहिणाराने आपले नाव घातले नाही. घातले असते तर स्वामींचेच घालावे लागते. आणखी लिहिले असते, परंतु शनिवारी ती येणार, आणि फाटकाची कडी आजच काढून ठेवावी म्हणतो.