दिनकरभावजी आणि ऑटोचं बटण

भर स्टेजवर नवरदेवाला हनुवटीखाली पांढरा रुमाल धरायला लावणारा माणूस दिसला, की खुशाल समजावं, दिनकरभावजी आले. "हलवू नका हो रुमाल! आधी पांढरा ठरवू द्या. पांढरा ताळ्यावर आला की बाकीचं जग आपोआप येतं!"

भावजी आमचे इंदिरानगरातले शेजारी. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाले, डिजिटल कॅमेरा घेतला आणि कॉलनीतल्या लग्नांची शांतता गेली. फोटो फुकट काढायचे, त्यामुळे नाही कोण म्हणणार? पण फोटो निघायचेच असं नाही. शटर किती, आयएसओ किती, यातच गृहस्थ अडकलेला. फ्लॅशवर तर भारी राग. "फ्लॅश म्हणजे तोंडाला चुना!" आणि ऑटोचं नाव काढलं, की अंगावर झुरळ पडल्यासारखे दचकायचे. "वहिनी, ऑटोवरच काढायचा तर माणूस कशाला हवा?"

निफाडला माझ्या भाच्याचं लग्न होतं. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला, हारसुद्धा घालून झाले, आणि भावजी अजून हॉलच्या ट्यूबलाइटकडे बघत काहीतरी फिरवताहेत. मग मान वर करून म्हणतात कसे, "गुरुजी, अंतरपाट परत धरता का जरा?"

"अहो, लग्न लागलं!" गुरुजी कडाडले.

नंतर भाच्याचा एक फोटो आला, तोही पिवळाधमक. माझी बहीण म्हणाली, "अगं बाई, ह्याला कावीळ कधी झाली?" त्यावर भावजी शांतपणे म्हणाले, "हळद छान उठलीये."

मग त्यांच्या मंजूचं लग्न ठरलं. ती शाळेत असतानाच तिची आई गेली. तेव्हापासून तिचा डबा, तिचे ताप, तिच्या वेण्या, सगळं ह्या एकट्या माणसानं केलं. वेणी एक वर, एक खाली, पण रोज घालायचे. आणि कन्यादानाला कोण बसणार हा विषय निघाला तेव्हा त्यांच्या थोरल्या भावानं जाहीर केलं, "जोडप्यानंच बसायचं असतं. मी आणि ही बसतो."

माझं तर डोकंच फिरलं. भावजी मात्र हसले. "बरंच झालं की! मी फोटो काढायला मोकळा."

पण नंतर रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसायचे आणि एकच विचारायचे, "कन्यादानाला शटर किती ठेवावं हो वहिनी?" मला काय कळतंय डोंबलाचं! पण त्यांना शटरची काळजी नव्हती, एवढं मला कळत होतं.

लग्नात थोरले आणि त्यांची बायको पाटावर बसले. समोर भावजी, डोळ्याला कॅमेरा. गुरुजींनी मंजूला हात पुढे करायला सांगितलं. तिनं केलाच नाही.

"बाबा, ऑटोवर टाका आणि इकडे या."

थोरले गुरुजींकडे बघायला लागले. गुरुजी निफाडच्या लग्नातलेच होते. ते म्हणाले, "शास्त्रात सोय आहे. पत्नीच्या जागी कमरेला सुपारी लावा आणि बसा. पटकन या, नाहीतर परत अंतरपाट धरायला सांगाल!"

सगळे हसले. थोरले भला माणूस, स्वतःच उठले आणि जागा करून दिली. भावजींनी कॅमेरा माझ्या हातात कोंबला. "ऑटोवर आहे. फ्लॅश तेवढा बंद केलाय. नुसतं दाबा."

मला इतकं भरून आलं होतं की समोरचं धड दिसेना. तरी दाबलं.

तो फोटो त्यांनी मोठा करून, काच लावून भिंतीवर टांगला. बघायला गेले तर मंजू स्वच्छ, जावई स्वच्छ, खालचं ताम्हनसुद्धा लख्ख. फक्त पाणी सोडणारा भावजींचा हात तेवढा पुसट, धुरकट आलेला. मी ओशाळले.

"भावजी, माझ्याकडून कॅमेरा हलला हो. एवढा एकच फोटो, आणि..."

भावजी खिशातल्या पांढऱ्या रुमालानं काच पुसत होते.

"नाही वहिनी," ते म्हणाले. "कॅमेरा स्थिर होता. माझाच हात हलत होता."