टोपलीत कोण बसलंय

दोर तुटणार, असं मी सांगितलं होतं. एकदा नाही, रोज सांगत होते. कोणाचाही विश्वास बसला नाही. आता गोष्ट ऐका पोरांनो, आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारू नका.

एका जंगलात, म्हणजे जंगल जिथं संपतं आणि खारं पाणी लागतं तिथं, वाघोबाचं राज्य होतं. वाघोबाला कोणीतरी सांगितलं, समुद्राच्या पोटात तेल असतं. झालं. भर पाण्यात खांब रोवले, वर मचाण बांधलं आणि प्राणी कामाला जुंपले. मी जातीची साळिंदर. मला साळूबाई म्हणतात. मचाणावर सगळ्यांची पेज रांधायचं काम माझं.

मचाण उंच. प्राणी होडीतून यायचे, ते वर चढणार कसे? म्हणून कडेला गजाभाऊ हत्ती उभा. त्याच्या सोंडेत जाड दोर, दोराला टोपली. प्राणी टोपलीत बसायचे, गजाभाऊ वर ओढायचा. तुमच्या शहरात याला क्रेन म्हणतात. आमच्याकडे गजाभाऊ म्हणतात.

मचाणाच्या मधोमध एक मानाचा खांब होता. अपघाताविना दिवस गेला की सुतारपक्षी त्यावर एक खूण टोचायचा. खांब खुणांनी भरला की वाघोबा सगळ्यांना फणसाचं जेवण देणार. मध्येच अपघात झाला तर तो खांब समुद्रात, आणि नवा खांब पहिल्यापासून. आता खांब भरत आला होता. सगळ्यांच्या नाकात फणसाचा वास शिरला होता.

आणि मला दिसला दोर. टोपलीच्या वर वीतभर नुसत्या केसांसारखा झालेला.

मचाणाचे मॅनेजर कोल्हेसाहेब. मी त्यांच्याकडे गेले.

"साहेब, दोर कुजलाय."

"साळूबाई, रोज सकाळी पंजा वर करून आपण सुरक्षेची शपथ घेतो ना?"

"घेतो."

"मग?"

गजाभाऊकडे गेले. तो म्हणाला, "मला शिकवू नकोस. या सोंडेत ताकद आहे."

"सोंड तुटेल असं कोण म्हणतंय?"

"तू पेज बघ. काल खारट होती."

मग एका सकाळी सोमा भेकर टोपलीत बसला. मी वरून ओरडले, "उतर रे सोम्या." तो हसला. "मावशी, तुझं रोजचंच आहे."

टोपली निम्म्यावर आली आणि दोर तुटला. सोमा होडीच्या काठावर आपटला. मागचा पाय मोडला.

पोरांनो, भेकराचा पाय म्हणजे काय ते नीट समजून घ्या. जंगलात ज्याला पळता येत नाही, तो दुसऱ्याच्या ताटात जातो.

सगळे धावत आले. सोमाच्या पायाकडे एकानं बघितलं असेल तर शपथ. सगळे बघत होते खांबाकडे.

"सोम्या, फार दुखतंय का?" सुतारपक्ष्यानं विचारलं. "की फणस होईपर्यंत कळ काढशील?"

कोल्हेसाहेबांनी चौकशी केली.

"पडला तेव्हा हा होडीत होता?"

"नाही."

"मचाणावर होता?"

"पोचला नव्हता."

"म्हणजे हवेत होता. हवेतला अपघात मचाणाचा कसा होईल?"

सुतारपक्ष्यानं लगेच त्या दिवसाची खूण टोचून टाकली.

सोमाला किनाऱ्यावर नेऊन निजवलं. मचाणाचा वैद्य अस्वल. तो आलाच नाही. म्हणाला, "मचाणावर अपघात झालेला नाही. मग मी तपासू कोणाला?"

आला तो गिधाडवकील. सोमाच्या उशाशी बसला, मान तिरकी केली.

"कायदेशीर मदत करतो. जिंकल्याशिवाय एक दाणा घेणार नाही."

"आणि हरलो तर?" सोमानं विचारलं.

"हरलास तर तुलाच घेईन. घाई नाही."

सोमाला दुसरं कोण होतं? त्यानं खूर उमटवला.

न्यायाला बसले कासवमहाराज. गिधाड म्हणालं, "महाराज, माझा अशील हवेतून पडला हे आम्हाला मान्य. पण दोर तुटणार हे कोणाला तरी आधी ठाऊक असणारच."

"कोणाला ठाऊक होतं?" महाराजांनी मान बाहेर काढली.

सगळ्यांनी पंजे माझ्याकडे केले. मी ताठ उभी राहिले. वाटलं, आलं एकदाचं सत्य बाहेर.

"मला ठाऊक होतं. रोज सांगत होते."

"खरं सांगते का ही?"

"अगदी खरं," कोल्हेसाहेब म्हणाले. "रोज सांगायची," गजाभाऊ म्हणाला.

तेव्हा कुठं माझ्यावर सगळ्यांचा विश्वास बसला.

"दात दाखव," महाराज म्हणाले. मी दाखवले. "कुरतडायचे दात आहेत. आणि दोर कुठं तुटणार ते हिला नेमकं माहीत. म्हणजे कुरतडला हिनंच."

निकाल लागला. साळूबाईनं सोमाला रोज पेज द्यावी, त्यातली अर्धी वकिलाची. आता पेज मी सोमाला तशीही देतच होते. फरक एवढाच पडला की निकालानंतर तो अर्धपोटी राहायला लागला. गिधाड पेज पिऊन चोच पुसायचं आणि म्हणायचं, "न्याय मिळाला बरं का." पेजेनं हाड जुळत नाही, पोरांनो. पाय वाकडाच राहिला.

इकडे खांब भरला. फणस आले. खांबाला हार घालायला स्वतः वाघोबा येणार होते. दोर तोच, तुटल्या जागी गाठ मारलेली. गाठ सरकत होती. मला दिसत होती.

वाघोबा टोपलीत बसले. कोल्हेसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "साळूबाई, आज काही बोलायचं नाही ना?"

"छे हो साहेब. मी पेज बघते."

टोपली निम्म्यावर आली. गाठ सुटली.

वाघोबा हवेत होते असं या वेळी कोणीही म्हणालं नाही. होडी किनाऱ्याला लागायच्या आत वैद्य पाला, काठ्या, पट्ट्या घेऊन हजर. वाघोबांचं एक नख मोडलं होतं. नखाला काठ्या लागत नाहीत. सोमाची पेज घेऊन मीही होडीतून किनाऱ्यावर आले होते. मी वैद्याला सोमासमोर बसवलं आणि अंगावरचे काटे फुलवले. त्यानं मुकाट्यानं पाय सरळ करून बांधला. त्याच दिवशी नवा दोर आला. आता सोमा लंगडतो, पण पळतो.

खांब समुद्रात गेला. फणस तेवढे परत कोणी नेले नाहीत. कासवमहाराज पुन्हा बसले.

"गाठ सुटणार हे माहीत असून गप्प कोण बसलं?"

सगळे पंजे पुन्हा एकीकडेच.

तात्पर्य: धोका दिसला की सांगावं, असं तुमच्या पुस्तकात लिहिलं असेल. त्याआधी टोपलीत कोण बसलंय ते बघावं. गरीब बसला असेल तर घसा फुटेस्तोवर ओरडावं. मोठा बसला असेल तर पेज ढवळावी, म्हणजे दोरही येतो आणि वैद्यही येतो. दोष कोणावर जाईल याची काळजी तुम्ही करू नका. ते नाव ठरलेलं आहे: साळूबाई.