रंग ओला आहे

"पुलाचा चढ मी एकट्याने चढून दाखवला, तर माझ्या दुकानामागच्या खोलीत राहायला जाईन. एकटा," असं पेंटरने जाहीर केलं, तेव्हा ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातली घडी पुरी केली, ढिगावर ठेवली आणि म्हणाली, "आधी चहा पी. गार होतोय."

ताई ही पेंटरची सख्खी थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी पेंटर शिडीवर उभा राहून एका भिंतीवर 'वाहने सावकाश चालवा' असं रंगवत होता. 'सावकाश'मधला 'श' लांबून कसा दिसतोय ते बघावं म्हणून तो एक पाऊल मागे सरकला. शिडीवर मागे सरकायला जागा नसते, हे पंचवीस वर्षं शिडीवर काढलेल्या माणसाला नेमकं त्या वेळी आठवलं नाही. पाठीच्या कण्याला मार बसला, कमरेखालचं शरीर सांगितलेलं ऐकेनासं झालं, आणि ताईने त्याला दवाखान्यातून थेट आपल्या घरी आणलं. तेव्हापासून त्याच्या चाकाच्या खुर्चीच्या मुठी ताईच्या हातात होत्या. ढकलायची ती मायेनेच, पण पेंटरला डावीकडचं काही बघायचं असलं की खुर्ची हमखास उजवीकडे वळलेली असायची.

त्याचा व्यायाम घेणाऱ्या बाईंनी त्याला शर्यतीचं सांगितलं होतं. चाकाच्या खुर्च्यांची शर्यत, तीन किलोमीटर, वाटेत पूल. नियम एकच: खुर्चीला दुसऱ्या कुणाचा हात लागला की स्पर्धक बाद. पूर्ण करणाऱ्याला प्रमाणपत्र.

"प्रमाणपत्र आणून दाखव," ताई म्हणाली, "मी स्वतः तुझं सामान बांधून देते." ताई दिलेला शब्द फिरवणारी नव्हती. फक्त तिला सगळं लेखी लागायचं.

दुसऱ्या दिवसापासून पेंटर पुलावर सरावाला जाऊ लागला. ताई चार पावलं मागे, हात आवरून. पण गाव काही हात आवरणारं नव्हतं. चढाला लागून दहा-बारा रेटे मारले असतील नसतील, तोच खुर्ची आपोआप हलकी झाली. मागून टपालवाला म्हणाला, "अहो, कशाला त्रास घेता? तुम्ही बसा निवांत."

"मी बसलेलोच आहे," पेंटर म्हणाला, "हात काढा."

"संकोच नका करू," असं म्हणत टपालवाल्याने त्याला माथ्यावर नेऊन सोडलं. तिसऱ्या दिवशी निवृत्त मास्तरांनी तर त्याला माथ्यावरून पलीकडे उतरवलं, रस्ता ओलांडून दिला आणि पाठ थोपटून निघून गेले. पेंटरला पलीकडे काहीच काम नव्हतं. आठवड्याभरात तो एकोणीस वेळा पुलाच्या माथ्यावर पोचला आणि स्वतः एकदाही चढला नाही. लोक हात धुवून मागे लागले होते. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली.

खुर्चीच्या मुठीच काढून टाकाव्यात म्हटलं, तर त्या वेल्डिंग केलेल्या. शेवटी पेंटर आपल्या धंद्यावर आला. पत्र्याच्या तुकड्यावर त्याने 'कृपया ढकलू नये' असं रंगवलं आणि पाठीमागे टांगलं. टपालवाल्याने ते मोठ्याने वाचलं, "अक्षर मात्र मोत्यासारखं हं तुमचं," म्हणाला आणि ढकललं. मग पेंटरने 'सराव चालू आहे' अशी पाटी केली. मास्तर म्हणाले, "वा, मग आमचाही हातभार लागू दे."

त्या दिवशी घरी येऊन पेंटरने दोन्ही पाट्या मांडीवर घेतल्या. आजवर रंगवलेल्या सगळ्या पाट्या त्याने मनातल्या मनात वाचून काढल्या. 'थुंकू नये' लिहिलं तिथे लोक थुंकले होते. 'वाहने लावू नयेत' लिहिलं तिथे त्याला स्वतःलाच सायकल लावायला जागा मिळाली नव्हती. माणसाने हात मागे घेतलेला त्याने एकाच पाटीपुढे पाहिला होता.

सकाळी पत्र्यावर ठळक लाल अक्षरं आली: 'रंग ओला आहे'.

आता पेंटर कितीही बेरका असला, तरी पाटीवर खोटं लिहिणाऱ्यातला नव्हता. म्हणून त्याने अक्षरांखालच्या रिकाम्या जागेवर आणि दोन्ही मुठींवर खरोखरच लाल रंगाचा हात दिला, तोही भरपूर तेल घालून, दुपारपर्यंत वाळू नये असा. रोज सकाळी नवा हात. टपालवाला पुढे आला, वाचलं, हात खिशात घालून चालू लागला. मास्तरांनी लांबूनच नमस्कार केला. पेंटरच्या दंडांना पहिल्यांदा पुलाचा खरा चढ कळला, आणि तो भलताच होता. पहिल्या दिवशी निम्म्यात दम संपला. विसाव्या दिवशी माथा आला. ताई त्याच्या शर्टांवरचे लाल डाग घासत राहिली.

शर्यतीला नऊजण होते. शिट्टी वाजली आणि आठजण पुढे गेले. पेंटरने घाई केली नाही. पुलाशी आला तेव्हा बाकीचे दिसतही नव्हते. एक रेटा, चाक धरून ठेवायचं, श्वास, पुन्हा रेटा. हातमोज्यांच्या आत तळव्यांची आग होत होती. रस्त्याच्या कडेने लोक चालत होते, आणि चालणारे त्याच्यापेक्षा वेगात होते. कधी मागे कुणी घुटमळल्यासारखं वाटे, पण मान वळवली तर रेटा चुकेल, म्हणून त्याने बघितलं नाही. माथ्यावर पोचला तेव्हा त्याला रडू आलं. उतारावर ते वाऱ्याने वाळलं.

शेवटच्या रेषेवर बक्षिसं वाटून झाली होती आणि मांडव सोडणं चालू होतं. पंच एका हातात प्रमाणपत्र घेऊन, दुसरा हात खिशात ठेवून त्याच्या पाठीमागे गेले आणि तिथेच थांबले.

"हे काय आहे?" पंच म्हणाले.

पाटीवरच्या ओल्या रंगात बोटांचे ठसे उमटले होते. मोजून अकरा. 'रंग ओला आहे' वाचून माणूस हात मागे घेतो हे पेंटरच्या लक्षात होतं. मग तो खरंच ओला आहे का, हे बघायला एक बोट पुढे करतो, हे मात्र तो विसरला होता.

"दुसऱ्याचा हात लागला. नियमाने तुम्ही बाद," पंच म्हणाले.

"साहेब, मुठी बघा," पेंटर म्हणाला. "तिथे एकही ठसा नाही. मला कुणी ढकललेलं नाही. नुसतं बोट लावलंय."

"बोट हाताचंच असतं."

"बरोबर आहे. मग कुणाकुणाचं ते तरी बघा."

जमलेल्यांना हात पुढे करायला लावले. टपालवाल्याचं बोट लाल. मास्तरांचं लाल. व्यायामाच्या बाईंनी ओढणीत हात लपवला, तर ओढणीला लाल. आणखी सातजणांची बोटं लाल निघाली. ताईच्या पुढे आल्यावर पेंटरने डोळेच मिटले. ताईने दोन्ही तळवे उघडले. स्वच्छ.

"तुम्ही नाही लावलं बोट?" पंचांनी विचारलं.

"कशाला लावू?" ताई म्हणाली. "माझा भाऊ पाटीवर खोटं लिहीत नाही."

पेंटरने डोळे उघडले. मग म्हणाला, "साहेब, दहाच झाली. अकरावं राहिलं. सुरुवातीला खुर्च्या तपासत होतात ना तुम्ही?"

पंचांनी खिशातला हात बाहेर काढला नाही. पण गळ्यातल्या पांढऱ्या शिट्टीवर लाल अंगठा स्पष्ट उमटला होता. लोकांना रंगेहाथ पकडायला निघालेले पंच स्वतःच सापडले. त्यांनी नियमाचा कागद पुन्हा एकदा वाचला, घसा खाकरला आणि म्हणाले, "बोट म्हणजे हात नव्हे. नववा क्रमांक."

ताईने प्रमाणपत्र दोनदा वाचलं आणि संध्याकाळी सामान बांधलं.

दुकानाच्या दाराशी सुताराने फळ्यांचा उतार करून दिला होता. छोटासाच, पण पुलापेक्षा उभा. पेंटरने रेटा मारला. उंबरा वीतभर राहिला आणि खुर्ची मागे घसरली. पुन्हा मारला, पुन्हा घसरली. दंडांत काही उरलंच नव्हतं. ताई मागे उभी होती, पिशवी काखेत, हाताची घडी.

"ताई," तो म्हणाला, "नुसती बघतेस काय?"

"रंग ओला आहे."

पेंटरने चाकांवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"वाळला गं," तो म्हणाला. "ढकल."

ताईने पिशवी खाली ठेवली, पदर खोचला, आणि मुठी धरण्याआधी पाटीला हळूच एक बोट लावून पाहिलं.