कोंडेवस्तीची किनारपट्टी

ज्या गावाला समुद्र नाही त्याची भरभराट होत नाही, हे अर्थशास्त्र आता सर्वमान्य आहे. डाळजच्या पलीकडच्या कोंडेवस्तीला समुद्र नव्हता. सामाईक शेततळं होतं (एका कोपऱ्यात तळाचा प्लास्टिकचा कागद फाटलेलं). मग ऋषिराज नावाचे सल्लागार आले आणि वस्तीचे पुढारी विजयसिंह यांच्या ओसरीवर बसून त्यांनी तळ्याला किनारपट्टीचा दर्जा दिला.

त्यांच्या अहवालानुसार दहा हजार शिंपले म्हणजे वीस हजार मोती, आणि रोजगार एकशे चाळीस (मोती मोजणारे व मोजणाऱ्यांवर लक्ष ठेवणारे धरून). शिंपले सोडले. त्यांना त्रास नको म्हणून पाणी उपसायला बंदी झाली.

त्याच पाण्यावर रतनची वीस गुंठे वांगी होती. एप्रिलात झाडांनी माना टाकल्या, तशी ती भर सभेत उभी राहिली.

"आबा, दोन तास मोटर लावू द्या. फुलं गळायला लागल्यात."

"वांगी ईस रुपये किलो, रतन," विजयसिंह म्हणाले. "मोती एकेक तीनशेला. जरा गावाचंबी बघ की."

"मोत्याचं कालवण हुतंय व्हय?"

ऋषिराजांनी हा प्रश्न 'स्थानिक जागृतीचा अभाव' या सदरात टिपून घेतला. सभा हसली. रतनचा सख्खा दीर सर्जेराव सगळ्यात मोठ्यानं हसला, ते तिला फार लागलं. त्या दिवसापासून ती हापशावरून घागरी वाहू लागली. दहा सऱ्या वाचल्या, बाकीच्या वाळल्या.

मेमध्ये तळ्याला वास सुटला. उतरायला कुणी धजेना. शेवटी रतनच गुडघाभर गाळात शिरली, शिंपल्यांची जाळी ओढून काढली आणि विळ्याच्या टोकानं एकेक शिंपला उघडत गेली.

"चिखल हाय," ती म्हणाली. "ह्यातबी चिखलच."

सर्जेराव खाली बघत होता. ऋषिराज मात्र फोनवर प्रसन्न होते. शंभर टक्के शिंपले मेले, इतका निःसंदिग्ध निष्कर्ष म्हणे आजवर कुणाच्याच हाती लागला नव्हता. त्या आधारावर मोतीशेतीचं प्रशिक्षण केंद्र उघडलं. फी पाच हजार, जेवण वेगळं.

जेवण रतन करते. पहिल्या तुकडीला भरलं वांगं वाढताना तिला राहवलं नाही. "दादा, त्या तळ्यात काय बी न्हाय," तिनं एका सुशिक्षित गृहस्थांना सांगितलं. त्यांनी वांग्याची तारीफ केली आणि हळूच विचारलं, "ताई, गच्चीवरच्या टाकीत शिंपले जगतील का हो?"

पुढच्या तुकडीत थोड्या जागा आहेत. येताना आपली टाकी किती लिटरची, तेवढं बघून या.