बिडवईकाकांची तुटक रेघ

बिडवईकाका भेटले की ‘कसे आहात’ असं कधी विचारत नाहीत. ते विचारतात, ‘‘आजीचं माहेरचं नाव?’’ भाजीच्या ठेल्यापाशी विचारतात, दातांच्या डॉक्टरकडे बाकावर बसल्या बसल्या विचारतात, लग्नात मठ्ठा वाढणाऱ्यालासुद्धा विचारतात. भोपाळात कोटरा सुल्तानाबादला आमच्या गल्लीत नवं बिऱ्हाड आलं, तेव्हा ट्रकमधून पलंग उतरायच्या आत काकांनी त्या गृहस्थांना गाठलं होतं. ते बिचारे घाबरून म्हणाले, आईच्या आईचं की वडिलांच्या आईचं? काका म्हणाले, ‘‘दोन्ही. जल्दी नाही. संध्याकाळपर्यंत द्या.’’

पूर्ण नाव वामनराव बिडवई. गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात अख्खी नोकरी त्यांनी ड्राफ्ट्समन म्हणून काढली, म्हणजे यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर यंत्रं संपली, पण पट्टी आणि गुण्या हातातून सुटेनात, तेव्हा त्यांनी पूर्वज काढायला घेतले. त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर वंशावळ आहे, पण ती झाडासारखी नाही, पंपाच्या नकाशासारखी आहे. प्रत्येक पूर्वजाला नंबर. खापरपणजोबा म्हणजे ‘पिढी ७, नग २’. दत्तक गेलेला मुलगा म्हणजे दुसऱ्या असेंब्लीत बसवलेला पार्ट. कुणाची सनावळी जुळेना की काका चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, ‘‘हा जागेवर बसत नाही.’’

हे सगळे शोध दर रविवारी सकाळी आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. ग्रुपवर माणसं पुष्कळ आहेत, पण वाचणारं कुणी नाही, हात जोडणारे सगळे. एकदा काकांनी मोठ्या आनंदाने लिहिलं, ‘हरि बल्लाळ बिडवई यांचं निधन उज्जैनला झालं, हे आज नक्की झालं.’ हरि बल्लाळांना जाऊन दोनशे वर्षं तरी झाली असतील. अर्ध्या तासात सगळ्या भोपाळने त्यांना भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. एका गृहस्थाने तर अंत्ययात्रा किती वाजता आणि कुठून निघणार, असंही विचारलं. ते गृहस्थ म्हणजे मी.

आता माझ्या पूर्वजांविषयी. आमचे मूळपुरुष मराठी फौजेबरोबर माळव्यात आले आणि त्यांच्या हाताखाली शंभर घोडेस्वार होते, हे मी आजवर इतक्या लग्नांत सांगितलंय की घोड्यांची संख्या माझी मलाच कमी वाटायला लागली होती. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच शब्द उच्चारला, ‘‘पुरावा?’’ मी म्हटलं, आमच्या घराण्यातल्या मिशा पाहा. काकांनी वहीत पेन्सिलने ‘मिशा’ असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग वळले माझ्या आजीच्या नावाकडे.

मी छाती पुढे काढून सांगितलं, सरस्वती. श्राद्धाला गुरुजी विचारतात, त्यामुळे पाठ होतं. काका म्हणाले, ते सासरचं झालं, माहेरचं सांगा. मला येईना. सात पिढ्यांचे बाप मी एका दमात म्हणून दाखवतो, पण जिच्या मांडीवर बसून भात खाल्ला, ती लग्नाआधी कोण होती ते मला ठाऊक नव्हतं. काकांना याचं नवल वाटलं नाही. आपल्यात लग्नात ताटभर तांदळात अंगठीने नवं नाव लिहितात, त्याच दिवशी मुलगी कागदावरून गायब होते, असं त्यांचं म्हणणं. ‘‘स्टेशनचं नाव सरकारने बदललं, तरी तुम्ही रिक्षावाल्याला हबीबगंजच सांगता,’’ ते म्हणाले. ‘‘आणि बाईचं नाव बदललं की आठवड्यात विसरता. ही कुठली रीत, साहेब?’’

त्या दिवशी त्यांनी मला भिंतीपाशी नेलं. सगळ्या चौकटी ठळक रेघांच्या, एकच चौकट तुटक रेघांची होती. नकाशात जी कड असते पण समोरून दिसत नाही, ती तुटक रेघेने दाखवतात, एवढं त्यांनी समजावलं. ती चौकट त्यांच्या आईची. काका दीड वर्षाचे असताना ती गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि पहिलीचं नाव घरात पुन्हा कुणी काढलं नाही. सासरचं नाव रमा, तेवढं एका जुन्या पत्रिकेवर सापडलं. माहेर बऱ्हाणपूरच्या बाजूला कुठेतरी. माहेरचं नाव काय, घर कुणाचं, काही पत्ता नाही. हे त्यांनी मला अगदी कोरड्या आवाजात सांगितलं, आणि मी ‘अच्छा’ म्हणून भिंतीवर आमचं आडनाव कुठे दिसतंय का ते पाहत राहिलो.

पुढे पाच आठवडे मला रोज सकाळी मेसेज येत होता : ‘आजी पेंडिंग.’ सुप्रभात नाही, काही नाही. सहाव्या आठवड्यात मी वैतागलो आणि दाढी करता करता टाइप करून टाकलं, ‘गोदावरी. देवासचे किरकिरे.’ हे किरकिरे कुठून सुचले देव जाणे. दहा मिनिटांत माझी आजी ग्रुपवर झळकली, पिढी आणि नग यांसकट. लोकांनी हात जोडले. मीही जोडले.

मग तीन दिवस काकांचा काहीच मेसेज आला नाही. मला वाटलं, सुटलो.

चौथ्या दिवशी दुपारी, मे महिन्याच्या भर उन्हात, काका दारात उभे. डोक्याला पंचा गुंडाळलेला, हातात कापडी पिशवी, चेहरा तांबडालाल. थेट बसस्टँडवरून आले होते. बायकोने पन्हं दिलं, ते त्यांनी एका घोटात संपवलं आणि पिशवीतून एक कागद काढला. वर पट्टीने रेघ मारून लिहिलं होतं, ‘देवास : तपासणी अहवाल’. तीन दिवस त्यांनी जुन्या वस्तीतली घरं पालथी घातली होती. दोन मंदिरांचे पुजारी विचारून झाले होते. एक किरकिरे मिळाले, पण ते नागपूरहून बदलीवर आलेले निघाले. तरी काकांनी त्यांच्या दोन्ही आज्या लिहून घेतल्या.

‘‘तुमच्या आजी जागेवर बसत नाहीत,’’ ते ओशाळून म्हणाले. ‘‘चूक माझी आहे. वेळ कमी पडला. सोमवारी परत जातो.’’

बायको माझ्याकडे नुसती बघत होती. तिला खरं ठाऊक होतं, दाढी करताना मीच हसत हसत सांगितलं होतं. मला इतकी लाज आजवर वाटली नव्हती. शंभर घोडेस्वारांच्या वंशजाला एका म्हाताऱ्या माणसासमोर मान वर करता येईना. मी सांगून टाकलं की गोदावरी नाही, किरकिरे नाहीत, काहीच नाही, मी थाप मारली.

काका रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदाची नीट घडी घातली.

‘‘माझ्या आईचं आता मिळायचं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘सांगणारं कुणी उरलं नाही. मी निवृत्त झालो तेव्हा दोघी-तिघी होत्या. उद्या विचारू, परवा विचारू केलं. तुमच्याकडे अजून सांगणारं कुणी असेल, तर आजच विचारा साहेब. एवढंच.’’

सांगणारं होतं. ग्वाल्हेरला माझी आत्या आहे, नव्वदीची. तिला मी शेवटचा फोन दिवाळीत केला होता, आणि तो आधल्या वर्षीच्या दिवाळीत. तिथल्या तिथे लावला आणि स्पीकरवर टाकला. आजीचं माहेरचं नाव विचारलं, तर आत्या म्हणाली, ‘‘मथुरा. धारच्या पुराणिकांची. का रे?’’ पाच आठवडे जे मिळत नव्हतं, ते मिळायला जांभईइतका वेळ लागला.

काका भराभर लिहीत होते. आत्या मात्र थांबेना. आई पोळ्या लाटताना पोळपाटावरच्या पिठात बोटाने ‘मथू’ असं लिहायची आणि पुसायची, ती सांगत होती. एकदा विचारलं तर म्हणाली, लिहिता येतंय का अजून, ते बघते. काकांची पेन्सिल थांबली. हे कुठल्या रकान्यात घालायचं, ते त्यांना कळलं नसावं. ती बाई माझ्यासमोर कित्येक वर्षं पोळ्या लाटत होती.

मग आत्याने विचारलं, मघापासून तिकडे हूं हूं कोण करतंय? मी म्हटलं, आमचे शेजारी आहेत, बिडवई.

‘‘बिडवई?’’ आत्या म्हणाली. तिच्या वयाच्या बायका नाव ऐकून थांबत नाहीत. ‘‘कुणाचा रे तू?’’

काका खुर्चीतून उठून उभे राहिले, शाळेत उठतात तसे. मला वाटलं, आता हरि बल्लाळापासून सुरू होणार, निदान वडिलांचं नाव तरी सांगणार. ते तोंड फोनजवळ नेऊन हळू म्हणाले, ‘‘रमाचा.’’

आत्याला कुठली रमा कळणार? पण तिने पुढे काही विचारलं नाही.

‘‘बरं हो, बाळ,’’ ती म्हणाली. ‘‘जेवलास का?’’

काका पंच्याने डोळे पुसत होते. मीच सांगितलं की नाही जेवले अजून, देवासहून आत्ताच आलेत.

‘‘मग फोन ठेव,’’ आत्या मला म्हणाली, ‘‘आणि आधी त्याला वाढ.’’